आर्कम हॉरर : चौघांनी मिळून हरण्याचा डाव

बुद्धिबळ असो, कॅरम असो वा पत्त्यांतील रमी; एकाची जीत ही दुसऱ्याची हार असते. सहकारी पटखेळांत हा नियम लागू होत नाही. तेथे सर्व खेळाडू एकाच बाजूला असतात आणि त्यांच्या विरोधात खुद्द खेळच उभा असतो. पत्ते, फासे आणि नियमपुस्तिका हेच प्रतिस्पर्धी. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. भयकथेवर आधारलेल्या अशा खेळांमध्ये ‘आर्कम हॉरर’ हे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. हा खेळ जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांच्या आठवणीत अधिक राहतो. त्यातील पराभव अचानक कोसळल्यासारखा वाटतो, परंतु त्याची तयारी बरीच आधी, पट शांत असताना, झालेली असते.

गाव, ग्रंथकार आणि खेळ

आर्कम हे गाव नकाशावर सापडत नाही. अमेरिकेतील भयकथालेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात कल्पिलेले ते गाव आहे. तेथील मिस्कटॉनिक विद्यापीठही त्यांच्याच कल्पनेतले. ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही त्यांची गाजलेली कथा ‘विअर्ड टेल्स’ या मासिकाच्या फेब्रुवारी १९२८च्या अंकात प्रसिद्ध झाली. माणसाच्या आधी पृथ्वीवर वावरलेल्या, आता निद्रिस्त असलेल्या अतिप्राचीन शक्ती आणि त्यांची ओझरती चाहूल लागताच बुद्धिभ्रंश होणारी माणसे, हा त्यांच्या अनेक कथांचा गाभा आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला येथे एक फरक जाणवेल. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत अमंगळाला तोंड देणारा ज्ञानी रक्षक असतो. लव्हक्राफ्ट यांच्या विश्वात असा कोणी नाही. ज्याला अधिक कळते, त्याची शुद्ध अधिक लवकर हरपते.

या कथाविश्वावर १९८१ मध्ये केऑसियम या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भूमिकाखेळ काढला. त्याच संस्थेने १९८७ मध्ये रिचर्ड लॉनियस यांनी रचलेला ‘आर्कम हॉरर’ हा पटखेळ बाजारात आणला. २००५ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्स या संस्थेने केव्हिन विल्सन यांच्या साहाय्याने त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. जगभर हा खेळ पोहोचला तो प्रामुख्याने याच आवृत्तीमुळे. पुढे २०१३ मध्ये साऱ्या जगाचा नकाशा घेऊन ‘एल्ड्रिच हॉरर’, २०१६ मध्ये पत्त्यांचा स्वतंत्र खेळ आणि २०१८ मध्ये निकी व्हॅलेन्स यांनी नव्याने बांधलेली तिसरी आवृत्ती आली. या लेखातील विवेचन २००५च्या आवृत्तीच्या नियमांवर आधारलेले आहे.

डावाची रचना

काळ १९२६चा. एक ते आठ खेळाडू शोधक बनून आर्कम गावात उतरतात. प्राध्यापक, जोगीण, खासगी गुप्तहेर, गुंडांच्या टोळीतला बंदूकधारी, जादूगार असे एकूण सोळा शोधक खेळात आहेत. प्रत्येकाकडे दोन प्रकारची शिल्लक असते. एक मनोबल आणि दुसरे शरीरबळ. मनोबल शून्यावर आले की शोधकाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते, शरीरबळ शून्यावर आले की साध्या इस्पितळात. दोन्ही प्रसंगी हातातले निम्मे सामान आणि गोळा केलेले निम्मे धागेदोरे गमवावे लागतात.

डावाच्या आरंभी आठ प्राचीन शक्तींपैकी एक निवडली जाते. तिच्या पत्त्यावर विनाशपट्टी असते. प्रत्येक फेरीच्या अखेरीस संकटाचा एक पत्ता उलटला जातो आणि बहुतेक वेळा गावात कुठेतरी अन्यविश्वाचे द्वार उघडते. द्वार उघडले की विनाशपट्टीवर एक चकती पडते आणि एक राक्षस बाहेर येतो. पाच किंवा अधिक खेळाडू असल्यास दोन येतात. ज्या जागी आधीच द्वार आहे तीच जागा पुन्हा निघाली, तर नवे द्वार उघडत नाही, राक्षसांची लाट येते. जितकी द्वारे उघडी असतील किंवा जितके खेळाडू असतील, त्यांपैकी मोठ्या संख्येइतके राक्षस एकदम पटावर उतरतात.

गावात किती राक्षस मावतात, यालाही मर्यादा आहे. खेळाडूंची संख्या अधिक तीन, म्हणजे चौघांच्या डावात सात. त्यापुढचे वेशीबाहेर थांबतात. तेथे चौघांच्या डावात चारच मावतात. पाचवा आला की वेशीबाहेरची जागा रिकामी होते आणि दहशतीची पातळी एकाने चढते. पातळी वाढली की शोधकांना साहाय्य करू शकणारा एक सोबती गाव सोडून जातो. पातळी तीनवर पोहोचली की किराणा-भांडारवाला दुकानाला टाळे लावतो, सहावर जुन्या दुर्मीळ वस्तूंचे दुकान बंद होते, नऊवर जादूच्या साहित्याचे. पातळी दहावर गेली की राक्षसांच्या संख्येवर कोणतीही मर्यादा उरत नाही.

विजयाचे मार्ग तीन आहेत. सहा द्वारे मोहोरबंद करणे हा पहिला. सर्व द्वारे एकाच वेळी बंद असणे आणि जिंकलेल्या द्वारांची संख्या निदान खेळाडूंइतकी असणे हा दुसरा. तिसरा मार्ग म्हणजे जाग्या झालेल्या प्राचीन शक्तीला अखेरच्या लढाईत हरवणे. हा मार्ग सहसा कोणी आपणहून निवडत नाही.

फाशांचे गणित

खेळातील प्रत्येक परीक्षा नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांनी होते. पाच किंवा सहा पडले तर यश. म्हणजे एका फाशावर यशाची शक्यता एक तृतीयांश. तीन फासे टाकले तर निदान एक यश मिळण्याची शक्यता ७० टक्के होते, चार टाकल्यास ८० टक्के. परंतु समोरचा राक्षस दणकट असेल आणि दोन यशे हवी असतील, तर तेच तीन फासे केवळ २६ टक्के वेळा पुरतात. शोधकाला आशीर्वाद लाभला असेल तर चारही यश मानला जातो आणि तीन फाशांवर एका यशाची शक्यता ८७ टक्क्यांवर जाते. शाप असेल तर फक्त सहाच चालतो आणि ती ४२ टक्क्यांवर घसरते.

अपयश आल्यावर धागादोरा खर्च करून एक जादा फासा टाकता येतो. खेळातील सर्वांत अवघड निर्णय येथेच उभा राहतो. बंद केलेले द्वार मोहोरबंद करायला पाच धागेदोरे लागतात. मोहोर लागली की त्या जागी पुन्हा द्वार उघडत नाही आणि तिच्यामुळे विनाशपट्टीही पुढे सरकत नाही. धागेदोरे खर्च न करता मोहोर लावून देणारे ‘एल्डर साइन’ हे दुर्मीळ चिन्ह हाती आले तर गोष्ट वेगळी. एरवी फाशासाठी खर्चलेला प्रत्येक धागा मोहोरेच्या हिशेबातून वजा होतो. शिवाय पैसे, शस्त्रे, मंत्र एकमेकांना देता येतात, धागेदोरे देता येत नाहीत.

एक नमुन्याचा डाव

चौघांचा डाव कसा बुडतो हे पाहण्यासाठी नियमांच्या आधारे मांडलेला एक नमुना पुरेसा आहे. प्राचीन शक्ती म्हणून कथुलूचा पत्ता निघाला. विनाशपट्टी तेरा घरांची. कथुलूमुळे प्रत्येकाचे कमाल मनोबल आणि कमाल शरीरबळ एकेकाने घटते. बंदूकधारी गुंड मायकेल मॅकग्लेन याचे मनोबल मुळात तीन, ते दोनवर आले. प्राध्यापक हार्वे वॉल्टर्स आणि सिस्टर मेरी यांचे शरीरबळ मुळात तीन, तेही दोनवर आले. चौथा खासगी गुप्तहेर जो डायमंड. मांडणीच्या वेळीच पहिले द्वार उघडले आणि पट्टीवर पहिली चकती पडली.

पहिल्या तीन फेऱ्या समाधानात गेल्या. गुंड हत्यारे घेण्यासाठी फिरला, प्राध्यापक जादूच्या दुकानात मंत्र मिळवत राहिले, सिस्टर मेरी यांनी धागेदोरे जमवायला आरंभ केला, गुप्तहेराने एक राक्षस मारला. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचाच होता. तिसरी फेरी संपली तेव्हा द्वारे चार झाली होती आणि त्यांपैकी एकातही कोणी पाऊल ठेवले नव्हते.

चौथ्या फेरीत पाच धागेदोरे बाळगणारा गुप्तहेर द्वारातून आत गेला. त्याच फेरीत रस्त्यावर राक्षसाशी गाठ पडताच गुंडाच्या हातातली बंदूक कामाला येण्याआधीच त्याचे दोन अंकी मनोबल संपले. कारण लढण्यापूर्वी भीतीची परीक्षा द्यावी लागते. निम्मे सामान टाकून तो वेड्यांच्या इस्पितळात पोहोचला. फेरीअखेर पाचवे द्वार उघडले. पाचव्या फेरीच्या शेवटी आधीच उघडलेल्या द्वाराचीच जागा निघाली आणि राक्षसांची लाट आली. द्वारे पाच, म्हणून राक्षस पाच. गावात आधी चार होते. तीन आत शिरले आणि गाव भरले, उरलेले दोन वेशीबाहेर थांबले.

सहाव्या फेरीत सिस्टर मेरी दुसऱ्या एका द्वारात शिरल्या आणि गुप्तहेर परतला. द्वार बंद करण्यासाठी त्याला तीन फासे मिळाले. तिन्ही वाया गेले. एक धागा खर्चून चौथा फासा टाकता आला असता, पण मग हाती चारच उरले असते आणि मोहोर लागली नसती. चौघांनी विचार करून ठरवले, की एक फेरी थांबावे. त्या फेरीअखेर सहावे द्वार उघडले, नवा राक्षस वेशीबाहेर गेला आणि गावातला एक राक्षस सरकत नेमका गुप्तहेराच्या जागी आला. सातव्या फेरीत गुप्तहेराला आधी त्याच्याशी लढावे लागले. तो हरला, बेशुद्ध झाला आणि इस्पितळात गेला. पाचपैकी तीन धागे उरले. जागा सोडल्यामुळे द्वार धुंडाळल्याची खूणही गेली. चार फेऱ्यांचे श्रम पुसले गेले आणि द्वार उघडेच राहिले.

सातव्या फेरीअखेर पुन्हा लाट आली. या वेळी राक्षस सहा आणि गावात जागा नाही. वेशीबाहेर आधीच तीन होते. ते पाच होताच दहशतीची पातळी चढली, बाहेरची जागा रिकामी झाली आणि उरलेल्या चौघांनी ती लगेच पुन्हा भरली. आठव्या फेरीत सिस्टर मेरी परतल्या आणि आशीर्वादाच्या बळावर त्यांनी द्वार बंद केले. टेबलाभोवती पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मात्र त्यांच्याकडे तीनच धागेदोरे होते, मोहोर लागली नाही. फेरीअखेर उलटलेल्या पत्त्याने तीच जागा पुन्हा उघडली.

नवव्या फेरीच्या शेवटी सातवे द्वार उघडले. विनाशपट्टीवर तेव्हा आठ चकत्या होत्या. पाच घरे शिल्लक होती आणि सर्वांचे लक्ष त्या पाच घरांकडे होते. पण तीन-चार खेळाडूंच्या डावात एकाच वेळी सात द्वारे उघडी झाली, की पट्टीची वाट न पाहता प्राचीन शक्ती जागी होते. पट्टी आपोआप पूर्ण भरते. कथुलूला हरवण्यासाठी चौघांना मिळून १३ गुणिले ४, म्हणजे ५२ यशे लागतात. एका फाशावर यशाची शक्यता एक तृतीयांश धरली तर सरासरीने १५६ फासे. त्यात कथुलूशी लढताना प्रत्येकाचे सहा फासे वजा होतात आणि त्याचा प्रत्येक हल्ला शोधकांचे कमाल मनोबल वा कमाल शरीरबळ आणखी एकाने उतरवतो. अखेरची लढाई ही येथे केवळ औपचारिकता उरते.

चूक नेमकी कुठे?

डाव संपल्यावर बोटे गुप्तहेराच्या त्या तीन फाशांकडे वळतात. प्रत्यक्षात तीन फाशांवर एकही यश न मिळण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे. तीन-चार प्रयत्नांत एकदा घडणारी गोष्ट दुर्दैव या सदरात घालता येत नाही, ती नियोजनातच धरायला हवी.

खरा हिशेब वेगळा आहे. द्वारात शिरणे, आतला दुसरा भाग ओलांडणे आणि परत येऊन ते बंद करणे, या कामाला तीन फेऱ्या लागतात. तेवढ्या काळात संकटाचे पत्ते जवळजवळ तीन नवी द्वारे उघडतात. म्हणजे एकच शोधक द्वारांचे काम करत असेल आणि तो कधीही चुकत नसेल, तरीही गाव हरते. निदान दोघे सतत आत-बाहेर करत राहिले आणि बंद झालेल्या द्वारांना मोहोर लागत गेली, तरच उघडण्याचा वेग मंदावतो. नमुन्याच्या डावात पहिला शोधक द्वारात शिरला तो चौथ्या फेरीत. पराभव ठरला तो तेव्हाच, राक्षसांनी गाव भरण्यापूर्वी.

दुसरी चूक विखुरलेल्या साधनांची. सातव्या फेरीनंतर गुप्तहेराकडे तीन, सिस्टर मेरी यांच्याकडे तीन, प्राध्यापकांकडे दोन आणि गुंडाकडे एक, असे नऊ धागेदोरे गटाजवळ होते. एका मोहोरेला पाच पुरतात. तरीही एकाच्याही हाती पाच नव्हते. ते कोणी उचलायचे हे पहिल्या फेरीत ठरले असते, तर जो ज्याच्या वाटेवर दिसेल तो तो उचलत गेला नसता.

तिसरी चूक मोजणीची. खेळात धोक्याची तीन मोजमापे आहेत. विनाशपट्टी, उघड्या द्वारांची संख्या आणि दहशतीची पातळी. विनाशपट्टी ठळकपणे समोर असते, त्यामुळे तिच्याकडेच पाहिले जाते. द्वारे मात्र पटभर पसरलेली असतात, ती कोणीतरी मोजावी लागतात.

दोष कुणाचा?

स्पर्धेच्या खेळात हरणाऱ्याला समोरच्याचे कौशल्य मान्य करून उठता येते. सहकारी खेळात समोर कोणी नसते, म्हणून पराभवाचे खापर फोडायला आपल्यातलेच डोके शोधले जाते. बहुधा ते शेवटचा फासा टाकणाऱ्याचे असते. जो तीन फेऱ्या दुकानात होता, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो चुकताना दिसलेला नसतो. तीन तास एकत्र बसलेल्या मित्रांत वा कुटुंबात याने कटुता येते आणि खेळ पुन्हा खोक्याबाहेर निघत नाही.

याच्या उलट दुसरा धोका म्हणजे म्होरक्या. सगळी माहिती सर्वांसमोर उघडी असल्याने एखादा अनुभवी खेळाडू चौघांच्याही चाली ठरवू लागतो. तसे झाले तर डाव कदाचित वाचतो, पण बाकीचे तिघे केवळ सोंगट्या हलवणारे हात ठरतात. सहकारी खेळांच्या रचनाकारांना हा प्रश्न ठाऊक आहे. २०१३ मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळवणाऱ्या ‘हनाबी’ या पत्त्यांच्या खेळात खेळाडूला स्वतःचे पत्ते दिसत नाहीत, इतरांना दिसतात. त्यामुळे एकट्याला सर्वांचा कारभार हाकणे शक्य होत नाही. आर्कममध्ये तशी तजवीज नाही. ती टेबलाभोवती बसणाऱ्यांनीच करायची असते.

त्यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी एकाने उघडी द्वारे मोठ्याने मोजावीत. पुढच्या फेरीत कोण द्वारात शिरणार आणि धागेदोरे कोणाच्या हाती जमवायचे, एवढे सर्वांनी मिळून ठरवावे. ते कसे साधायचे, हे मात्र ज्याचे त्याच्यावर सोपवावे. फासा पडल्यावर त्याची चर्चा करू नये, तो टाकण्यापूर्वी करावी. एवढे करूनही गाव वाचेलच असे नाही. कारण हा खेळ खेळाडूंना हरवण्यासाठीच बांधलेला आहे. पण हरल्यावर चौघांनाही ते नेमके कधी हरले हे सांगता येईल आणि गुप्तहेराच्या तीन फाशांना कोणी बोल लावणार नाही.